पाटावरचा फोन

कव्हर खिळ्याला टांगलेलं होतं. एक गुलाबी सशाचे कान असलेलं, एक चकचकीत सोनेरी, आणि त्या दोघांच्या मधे हे, दुकानातल्या पंख्याच्या वाऱ्याने हलणारं. मी आधी नुसतीच बघत उभी होते. दुकानदार बटनांचा फोन शोधायला आत गेला होता आणि बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या त्या बोळात स्कूटरी आणि कबाबचा धूर चुकवत उभं राहण्यापलीकडे मला काही काम नव्हतं. मग नजर खाचेवर गेली. कॅमेऱ्यासाठी पाठीवर ठेवलेली खाच, कैरीच्या फोडीसारखी तिरकी, वरच्या कोपऱ्यातून खाली उतरत गेलेली. असा कॅमेरा बाजारातल्या एकाही फोनला नाही, कारण असा कॅमेरा असलेला फोन अजून बाजारात आलेलाच नाही. तो मी वर्षभर सोबत बाळगला होता. काळ्या चौकोनी डबड्यात घालून, झोपताना उशाखाली ठेवून, आणि त्याच्या पाठीवरची ती फोड मी माझ्या जन्मदात्यालाही दाखवली नव्हती. दुकानदार परत आल्यावर मी शक्य तितक्या थंडपणे विचारलं, हे कुठल्या फोनचं? नवा यायचाय मॅडम, पुढच्या आठवड्यात, असं तो म्हणाला, आणि त्याने फोनचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, पुढच्या आकड्यासकट. ते नाव मलाही माहीत नव्हतं. आमच्या टीमला तो फोन फक्त 'चिगरी' म्हणून ठाऊक; चिगरी म्हणजे कन्नडात हरीण. बाजारात हे हरीण कुठल्या नावाने पळणार हे आम्हांला लाँचच्या दिवशी, साऱ्या जगाबरोबर कळणार होतं. आणि हा माणूस काळं हवं का निळं, असं विचारत होता. काल दोन्ही आले, म्हणाला.

मी तिथे अण्णांसाठी फोन घ्यायला आले होते. अण्णा म्हणजे माझे वडील, मल्हारराव. त्यांचा फोन माझ्या कंपनीकडे जमा होता, दसऱ्यानंतर लगेच घेतलेला, आणि मधे अख्खी दिवाळी होऊन गेली तरी परत आला नव्हता. मी फोनच्या कंपनीत नोकरी करते, तेव्हा घरात जुने फोन पैशाला पासरी असतील असं कुणालाही वाटेल, आणि एक होताही, माझाच, कपाटात. तो मी काढून दिला तर अण्णांनी हात मागे घेतला. "नको. त्यात तुमच्या कंपनीचं काय काय असेल. पुन्हा नवी कटकट." मग त्यांनीच सांगितलं की शिवाजीनगरला जा, आणि ज्यात कॅमेराच नाही असा फोन आण. हे ते रागाने म्हणाले नाहीत. पथ्याचा मधुमेही जसा साखर नको म्हणतो तसे म्हणाले. त्यामुळे मला जास्त लागलं. दुकानदाराने आणलेल्या बटनांच्या फोनलाही चण्याएवढा कॅमेरा होताच. बिनकॅमेऱ्याचा आता कुणी बनवत नाही, नकोच असेल तर वर स्टिकर लावा, असा उपाय त्याने सुचवला. स्टिकर! ह्या एका शब्दाने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण आमच्या ऑफिसात शिरताना रोज तेच करतात. फाटकावरचा गार्ड आपल्या खासगी फोनच्या कॅमेऱ्यावर गोल स्टिकर चिकटवतो, बाहेर पडताना तो शाबूत आहे का बघतो, आणि इतकी वर्षं मी मान खाली घालून फोन त्याच्यापुढे धरत आले. त्यात मला कधी अपमान वाटला नाही. उलट थोडा रुबाबच वाटायचा, की आपण अशा ठिकाणी काम करतो जिथे बघण्यासारखं काहीतरी आहे.

चिगरी मिळाला तेव्हाही तसाच रुबाब वाटला होता. आमच्यात चाचणीचा फोन टेबलावर ठेवून तपासत नाहीत; तो घरी न्यायचा, आपलाच असल्यासारखा वापरायचा, त्यावर बोलायचं, बाजारात, बसमध्ये, पावसात, आणि जे खटकेल ते कळवायचं. माझं काम आवाजाचं. समोरच्याला माझा आवाज कसा जातो, गोंगाटात शब्द बुडतात का, हे मी बघते. मात्र फोनचा खरा आकार झाकणारं ते काळं डबडं काढायचं नाही, फोन कुठे उघडा ठेवायचा नाही, आणि घरच्यांनाही सांगायचं नाही. घरच्यांनाही, ह्यावर खास भर होता. प्रशिक्षण देणारी बाई हसून म्हणाली होती की सगळ्यांत मोठी गळती जेवणाच्या टेबलावर होते. आमच्या घरी जेवणाचं टेबलच नाही, आम्ही स्वयंपाकघरात खाली बसतो, पण मी तेही मनावर घेतलं. अण्णांनी एकदाच विचारलं, की हे काळं काय आणलंयस? ऑफिसचं, इतकंच मी म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांची सगळी नोकरी सरकारी कारखान्यात गेली, जिथे रडारचे भाग बनायचे. तिथे काय करता हे त्यांनी आईला कधी सांगितलं नाही, आणि आई त्यांना न विचारताच गेली. रोज संध्याकाळी कारखान्याच्या फाटकावर त्यांचा जेवणाचा डबा उघडून बघत. अण्णा ते अभिमानाने सांगायचे. डबा उघडतात म्हणजे आतल्या मालाला किंमत आहे, आणि डबा बंद करून परत देतात म्हणजे आपल्यालाही आहे, असा त्यांचा हिशेब होता. तपासणं म्हणजे त्यांच्या लेखी एक प्रकारचा मान होता. हे मला ठाऊक होतं आणि तरीही पुढचं सगळं मी होऊ दिलं.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रं पुजतात. शहाजीराजांच्या मागोमाग इकडे आलेल्या घरांपैकी आमचं एक, असं अण्णा सांगतात. पुरावा म्हणून एक तलवार आहे, मूठ झिजलेली, म्यान हरवलेलं. तिच्या शेजारी पाटावर घरातल्या प्रत्येकाचं पोटापाण्याचं अवजार मांडायचं. अण्णांचा कारखान्यातला मापाचा कॅलिपर, आईची शिवणाची कात्री (ती अजून मांडतात), माझा लॅपटॉप. यंदा मी लॅपटॉप आणला तर अण्णा म्हणाले, "हा तर नुसता हिशेबाचा. तू दिवसभर कानाला लावतेस ते काळं, ते ठेव की. कमावतेस त्यावर." मी क्षणभर अडखळले. मग वाटलं, डबडं तर घातलेलंच आहे, आणि इथे बघणार कोण, तलवार का आई? ठेवला. अण्णांनी अनामिकेने सगळ्यांना ओलं कुंकू लावलं, तलवारीला, कॅलिपरला, कात्रीला, आणि चिगरीला मात्र जरा जास्तच, खालच्या कडेला, कारण तो पाटावर पहिल्यांदा बसत होता. मग नेहमीप्रमाणे पूजेचा फोटो काढून आपल्या निवृत्त मित्रांच्या ग्रुपवर टाकला. ह्या पूजेचा नियम असा की मांडलेल्या अवजाराला त्या दिवशी हात लावायचा नाही. ते विसाव्याला बसलेलं असतं. दसऱ्याच्या सकाळीच उचलायचं. दुपारी आशयचा फोन आला. आशय माझा वरिष्ठ, पुण्याहून आलेला, सुट्टीच्या दिवशीही कामाला जुंपणारा. चिगरीवरून एक चाचणी लगेच कर म्हणाला. मी म्हटलं, उद्या. का, तर तो पूजेत आहे. तो खूप हसला आणि सरी, म्हणजे बरं, असं त्याला येणारं एकमेव कन्नड बोलला. ऑफिसातही आयुधपूजा झालीच होती. लिफ्टला झेंडूचे हार, प्रिंटरच्या कपाळाला कुंकू, आणि मिठाईचा डबा घेतलेला सगळ्यांचा हसरा फोटो कंपनीच्या पानावर. त्या पूजेत कुणाला काही गैर दिसलं नाही.

दसऱ्यानंतर चिगरीचा आवाज बसला. बोलताना माझा आवाज समोरच्याला ओढणीतून आल्यासारखा जायचा. मी प्रामाणिकपणे दोष नोंदवला, खालच्या माइकचा आवाज दबतोय, कारण समजत नाही. माझं कामच ते. नेमका त्याच आठवड्यात एका परदेशी साइटवर चिगरीच्या पाठीचा फोटो झळकला, कैरीच्या फोडीसकट, आणि ऑफिसात सुतक पडलं. सगळे चाचणीचे फोन गोळा झाले, एकेक उघडून पाहिला गेला, आणि माझ्या फोनच्या माइकच्या भोकात त्यांना लाल सापडलं. सुप्रीता नावाची एक बाई होती, चौकशीची. अंगावर कडक इस्त्रीचे कपडे, आवाज अगदी मऊ. तिने मला काचेच्या खोलीत बसवून मोठा केलेला फोटो दाखवला: जाळीत अडकलेले लाल कण, चंद्रावरचा भूभाग दाखवावा तसे. हे काय आहे? मी कुंकू म्हटलं. ते तिथे कसं आलं? मी सगळं सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती बंगळूरचीच, तिच्याही घरी स्कूटरच्या चाकाखाली लिंबू ठेवलं असणार. पण ती टाइप करत राहिली, आणि माझी खंडेनवमी तिच्या पडद्यावर अशी उमटली: उपकरण एक दिवस व एक रात्र कर्मचाऱ्याच्या ताब्याबाहेर, उघड्यावर, एका बिगरकर्मचारी व्यक्तीच्या सान्निध्यात. त्या व्यक्तीने त्याचा फोटो काढला आणि पसरवला. बिगरकर्मचारी व्यक्ती! मी म्हटलं ते माझे वडील आहेत, फोटो काळ्या डबड्याचा आहे, डबड्यावर कुंकू आहे. ती म्हणाली, समजतं मला, पण खात्री करावी लागेल. त्यांचा फोन काही दिवसांसाठी मिळेल का? सक्ती अर्थातच नाही. न दिल्यास माझी चौकशी उघडी राहील आणि चौकशी उघडी असताना माझं कंत्राट पुढे सरकणार नाही, हे तिने ज्या मऊपणे सांगितलं त्याचा मला आजही संताप येतो. पण त्या वेळी मी रागावले नाही. त्या वेळी मी घाबरले, आणि घाबरलेलं माणूस पुढे काय करतं ते मी केलं.

मी घरी आले आणि अण्णांना विचारलं, "अण्णा, तो फोटो आणखी कुणाकुणाला पाठवला? आठवून सांगा. दुसरा एखादा काढला होता का, डबडं काढून?" हे प्रश्न माझे नव्हते, सुप्रीताचे होते, मी नुसते मराठीत आणले. अण्णा कॉफी पीत होते. त्यांनी पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. दुखावल्यासारखं नाही, फाटकावर नवा गार्ड आला तर जसं बघायचे असतील तसं. मग म्हणाले, "डबडं काढून म्हणजे? त्याच्या आत आणखी काय आहे?" आणि माझ्या लक्षात आलं की त्यांना इतके महिने वाटत होतं की ते काळं डबडं हाच फोन आहे. त्याच्या आत दुसरं काही असेल ही शंकाही त्यांना आली नव्हती. कशी येणार, मी कधी येऊच दिली नाही. ती शंका मीच त्या संध्याकाळी त्यांच्या हातात ठेवली. फोन द्यावा लागेल म्हटल्यावर ते लगेच उठले. "पाहू देत त्यांस. पण तुझ्या हातून नको. मी येतो. ज्याची झडती त्याने हजर असावं." त्या रात्रीपासून त्यांनी फोनमधली एकही गोष्ट पुसली नाही. सकाळी येणारे सूर्योदय, गणपती, कपातून फुलं उगवणारी चित्रं, सगळं तसंच ठेवलं, कारण पुसलं तर लपवल्यासारखं दिसेल. भगवंतरावांना, म्हणजे त्यांच्या कारखान्यातल्या दोस्ताला, जो रोज सकाळी न चुकता शुभेच्छा धाडतो, त्यांनी मुद्दाम कळवलं की माझा फोन तपासणीला जातोय. त्यात लाज नव्हती. जवळजवळ बढाई होती.

इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्याबरोबर मारतहळ्ळीच्या पुढच्या आमच्या काचेच्या इमारतीत आले. गार्डने आधी त्यांच्या फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवला, जो फोन आम्ही जमा करायलाच आलो होतो त्याच्यावर. सुप्रीता खाली आली तेव्हा अण्णा उठून उभे राहिले. तिने थँक यू अंकल म्हणत फोन पारदर्शक पाकिटात टाकला, वर पिवळी टेप लावली, टेपवर सही केली. अण्णांनी तिला फोनचा पासवर्ड सांगितला. ती ओके अंकल म्हणाली. त्यांनी तो पुन्हा, आकडा आकडा सुटा करून सांगितला, आणि म्हणाले, "नीट पाहा. घाई नाही." ती पुन्हा ओके अंकल म्हणाली आणि लिफ्टकडे गेली. तिने पासवर्ड लिहून घेतला नव्हता. मला ते दिसलं होतं. दिसलं आणि मी त्याचा काही अर्थ लावला नाही. तिची स्मरणशक्ती चांगली असेल, असं म्हणून सोडून दिलं. त्यानंतर रोज संध्याकाळी मी चपला काढते न काढते तोच अण्णा विचारायचे, काय म्हणाले? मी म्हणायची, पाहतायत. ते मान डोलवायचे. बरोबर आहे, बारकाईने पाहायचं म्हणजे वेळ लागणारच. दिवाळीत फराळाची ताटं भरताना ते मधेच थांबून म्हणाले होते की भगवंतराव बोटं मोडत असेल, एकाही शुभेच्छेला उत्तर नाही म्हणून. मी अनारसा तोंडात घातला म्हणजे बोलावं लागू नये.

हे सगळं दुकानातल्या त्या खिळ्यावर लटकत होतं. मी बटनांचा फोन परत केला आणि ते कव्हर घेतलं, काळं. बिल हवं का, असं दुकानदाराने विचारलं आणि मला हसू फुटलं. तो जरा बिचकला. मारतहळ्ळीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी कव्हर पिशवीतून काढायची, खाचेवरून अंगठा फिरवायची, आत टाकायची. शेजारच्या मुलीने एकदा बघितलं आणि मी सवयीने ते ओढणीखाली लपवलं. लपवलं! रस्त्यावर टांगलेली वस्तू मी ओढणीखाली लपवत होते. वर्षभरात माझ्या हातांना ही खोड लागली होती. सुट्टीत मैत्रिणींबरोबर कुठे बसले तर पिशवी मांडीवर, कुणी नवीन काय चाललंय विचारलं तर काही नाही गं, आणि तो काही नाही गं इतका सरावाचा झाला की पुढे पुढे खरंच काही नसलं तरी मैत्रिणींना वाटायचं ही काहीतरी झाकतेय. त्यांनी विचारणं सोडलं. बरंच झालं, असं मला तेव्हा वाटलं. एवढं सगळं कशासाठी, तर एका फोडीसाठी, जी शिवाजीनगरात काळी की निळी म्हणून विकली जात होती. बस डोम्लूरच्या पुलाशी अडली, नेहमीसारखी. मला कुणाच्या तरी अंगावर ओरडावंसं वाटत होतं आणि कुणाच्या ते ठरत नव्हतं. दुकानदाराच्या नाही. सुप्रीताच्या असेल. स्वतःच्या असेल, पण तेवढं धैर्य बसमध्ये होईना.

आशय त्याच्या जागेवर होता. मी कव्हर त्याच्या कीबोर्डवर ठेवलं. मला वाटलं होतं तो ताडकन उठेल, दार लावेल, कुणाला तरी फोन करेल. त्याने ते उचललं, वाकवून पाहिलं आणि क्वालिटी बरी आहे म्हणाला. "अगं, कव्हरवाल्यांना ड्रॉइंग आपणच देतो. लाँचच्या दिवशी दुकानात कव्हर नको? नॉर्मल आहे हे."

मी विचारलं, आणि तो साइटवरचा फोटो? त्याने खुर्ची पुढे ओढली. तो वाईट माणूस नाही. मी रडेन अशी त्याला भीती वाटली असावी. "हे मी तुला सांगितलेलं नाहीये, ओके? तो मार्केटिंगने दिला होता. लाँचच्या आधी थोडी हवा करायला. सगळेच करतात."

"तुला कधी कळलं?"

"त्याच आठवड्यात. पण माझ्या हातात काय होतं, नीरजा? आत चौकशी झाली नाही तर लीक खरा वाटत नाही. ती चौकशीची बातमीसुद्धा बाहेर गेली ना, वाचली नाहीस? टीममध्ये खळबळ वगैरे. आणि तुझं क्लोज झालंय गं, दिवाळीच्या आधीच. तुला मेल आली नाही?"

मला मेल आली नव्हती. मी रडले नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की अण्णा रोज संध्याकाळी मान डोलवत होते. पाहतायत, बारकाईने पाहतायत, आणि इथे पाहणारं कुणी नव्हतंच. म्हणजे आमच्या घरात जे झालं, तो पेला खाली ठेवणं, ते माझ्याकडे बघणं, तो इस्त्रीचा शर्ट, ते सगळं कशाचा तरी देखावा खरा वाटावा म्हणून. जाहिरातीत मागून चालत जाणारी माणसं असतात ना, ज्यांना आपण जाहिरातीत आहोत हे ठाऊक नसतं, तसे आम्ही बापलेक. निदान त्यांना पैसे मिळत असतील. मी आशयला म्हटलं की माझ्या वडिलांचा फोन दे. तो म्हणाला, तो अजून इथेच आहे?

सुप्रीतानेही तेच म्हटलं, त्याच शब्दांत, फक्त इंग्रजीत. तिला आधी आठवेनाच. मग तिने एका गार्डला सांगितलं आणि त्याने कपाटातून पाकीट आणलं. पारदर्शक, वर पिवळी टेप, टेपवर तिची सही, आणि सहीला कुठे तडा नाही. मी ते उजेडात धरलं. टेप जशी लावली तशी होती. आत अण्णांचा फोन, कॅमेऱ्यावर गोल स्टिकर, काळा ठिक्कर, बॅटरी केव्हाच संपलेली. त्यांनी तो उघडला नव्हता. अण्णांनी ज्या दिवशी तो जमा केला, त्या दिवसानंतर त्याला कुणाचा हात लागला नव्हता. सॉरी हं, गडबडीत राहून गेलं, असं म्हणून तिने पोचपावतीवर माझी सही घेतली आणि दिवाळीच्या उरलेल्या भेटींपैकी सुक्या मेव्याचा एक डबा पुढे केला. मी तो घेतला नाही. तेवढ्यानेच मला आपण फार मोठं बंड केल्यासारखं वाटलं, आणि त्याचीही चीड आली. संशय घ्यायचा तर निदान नीट घ्यावा, असं मला तिला सांगायचं होतं. माझ्या बापाच्या फोनमधले सगळे सूर्योदय बघायला हवे होते तुम्ही. एकेक बघायला हवा होता. त्यांनी ते तुमच्यासाठी जपून ठेवले होते. पण हे सगळं इंग्रजीत मांडता मांडता ती दुसऱ्या मीटिंगला निघून गेली.

परतीच्या बसस्टॉपवर मी पाकीट फोडलं. टेप नखाने उचकटली, दोनदा, म्हणजे पुन्हा लावल्यासारखी दिसेल. सही मधोमध फाटली. अण्णांना खरं कळता कामा नये हे माझं ठरलं होतं. झडती त्यांनी मानाने दिली होती. झडती झालीच नाही हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? तेव्हा पाहिलं म्हणायचं. सगळं पाहिलं, बारकाईने पाहिलं, काही सापडलं नाही, माफी मागितली. वर्षभर कंपनीसाठी एवढं लपवलं, तर हे एक अण्णांसाठी. इंदिरानगरला उतरून घरापर्यंत चालताना मी ती वाक्यं मनात घोळवत होते. आमच्या घराच्या शेजारी आता बिअरचा पब आहे, संध्याकाळी तिथे रांग लागते, आणि त्या रांगेतली सगळी माणसं हातातल्या फोनमध्ये डोकं घालून उभी होती.

अण्णा दारातच होते. पिशवीतून पाकीट निघालं तसे ते सरळ झाले. फाटलेली टेप त्यांनी बोटाने चाचपून पाहिली.

"पाहिलं त्यांनी?"

"पाहिलं अण्णा. सगळं. काही नाही सापडलं म्हणाले. सॉरी म्हणाले."

"मी म्हटलो होतो की," ते म्हणाले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर ते आलं जे कारखान्याच्या फाटकावर रोज येत असेल, डबा बंद करून हातात परत देताना. ते खुर्चीत बसले. मी फोन चार्जरला लावला आणि कॉफी ठेवायला आत गेले. मला खरोखर हलकं वाटत होतं. दूध वर येत होतं आणि बाहेर अण्णांनी फोनचं बटन दाबल्याचा तो सुरू होतानाचा लाडिक सूर वाजला. मग टिंग झालं. मग आणखी एक. मग टिंगटिंगटिंग असं सुरू झालं आणि थांबेना. फोनवर पोट भरणारी मी, आवाज हेच माझं काम, आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी गॅस बंद करून बाहेर आले. अण्णा फोन हातात धरून बसले होते आणि त्यात दिवाळी येत होती. वसुबारस, धनत्रयोदशी, पहिली आंघोळ, पणत्या, किल्ले, भगवंतरावांची रोजची सकाळ एकामागून एक, मग भगवंतरावांचंच, मल्हारराव, तपासणी संपली की नाही, मग बरे आहात ना, मग फोन अजून बंद का लागतो. न वाचलेलं सगळं, कुणीच न उघडलेलं. चालू केला असता तर हे सगळं तिकडेच, त्या काचेच्या खोलीत वाजून गेलं असतं. हे समजायला इंजिनियर लागत नाही. अण्णा अंगठ्याने एकेक तारीख वर सरकवत गेले.

"म्हणजे उघडलाच नाही," ते म्हणाले.

मी चार्जरची वायर सरळ करू लागले.

"मग नेला कशाला होता?"

त्यांनी आवाज चढवला नाही. आयुष्यात कधी चढवला नाही, पण हा प्रश्न त्यांनी असा विचारला की कारखान्यातली, फाटकावरची, आईपासून लपवलेली सगळी वर्षं त्यात आली, आणि त्याचं उत्तर द्यायला त्या अख्ख्या काचेच्या इमारतीत कुणी नव्हतं. माझ्याकडे एक उत्तर होतं. आशयने न सांगितलेलं. मी केलेल्या सह्यांप्रमाणे ते बाहेर काढलं तर माझी नोकरी जाऊ शकत होती, लाँच अजून पुढच्या आठवड्यात होता, आणि शेजारच्या भिंतीपलीकडे फोन घेतलेली शंभर माणसं उभी होती. मी पिशवीतून ते कव्हर काढून अण्णांच्या दुसऱ्या हातात ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट केलं आणि त्या तिरक्या खाचेतून बोट घालून पाहिलं.

"तुम्ही पाटावर पुजलात ना, त्या डबड्याच्या आत हे होतं," मी म्हटलं. "त्याला आम्ही चिगरी म्हणतो."

फोन अजून टिंगटिंग करत होता. अण्णांनी तो पालथा करून खुर्चीच्या हातावर ठेवला आणि मला समोरचा वेताचा मोडा पुढे सरकवून दिला.

"बस," ते म्हणाले. "स्वल्प सावकाश सांग. पहिल्यापासून."